एलेना बोलली, पण डेव्हिडला ते कळलंच नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका नवोदित लेखिकेने सुपरहिरोवर वेब-मालिका लिहायला घेतली आहे. शेवटच्या भागात नायक प्रेयसीला सोडून निघून जातो. ज्यांना ज्यांना तिने ते वाचून दाखवलं, त्या सगळ्यांचं म्हणणं एकच, "ओढूनताणून रडवलंय." ती विचारते, 'द इन्क्रेडिबल हल्क' या जुन्या अमेरिकन मालिकेत, राग अनावर झाला की हल्क नावाचा हिरवा राक्षस होणारा डेव्हिड बॅनर दर भागाच्या शेवटी कुणाला तरी मागे ठेवून रस्त्याला लागायचा, तरी तिथे गळा दाटून येतो, मग माझ्याकडे का येत नाही? तेव्हाचा प्रेक्षक भोळा होता म्हणून?

भोळा मुळीच नव्हता. मी बावीस वर्षं टीव्ही मालिकांच्या पटकथा लिहितोय, आणि ही मालिका मी वही घेऊन, थांबवत थांबवत, दृश्यं मोजत पाहिली आहे. माझ्या मते तुमचं दुखणं निरोपाच्या दृश्यात नाहीच, ते त्याच्या बरंच आधी आहे. माणूस निघून जातो एवढ्याने कुणी हेलावत नाही. रोज बस स्टँडवर माणसं निघून जातच असतात. दोघांपैकी एकाला जे ठाऊक आहे ते दुसऱ्याला ठाऊक नाही, आणि आता ते कधीच कळणार नाही, हे प्रेक्षकाला दिसलं की काळीज हलतं. ही मालिका उभी करणाऱ्या केनेथ जॉन्सनला हे पक्कं माहीत होतं. त्याने मालिकेच्या पहिल्याच चित्रपटात ते इतकं नीट करून दाखवलं आहे की तुम्ही दुसरं काही पाहिलं नाही तरी ते पाहा.

तो दोन तासांचा चित्रपट ४ नोव्हेंबर १९७७ ला अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर आला. कॉमिक्समधला ब्रूस बॅनर इथे डेव्हिड झाला, ती भूमिका बिल बिक्स्बीची. डेव्हिडची बायको लॉरा मोटारीच्या अपघातात जाते. टायर फुटतो, गाडी उलटते, ती आत अडकते आणि डेव्हिडला गाडी उचलता येत नाही. पुढे कल्व्हर इन्स्टिट्यूटमध्ये तो संशोधन करतो त्याच्या मुळाशी हीच बोच असते: संकटात काही माणसांच्या अंगात अचाट बळ येतं, मग माझ्या अंगात का आलं नाही? त्याची सहकारी एलेना मार्क्स, म्हणजे सुझन सलिव्हन. दोघांत मैत्री आहे, थट्टामस्करी आहे, एकमेकांची काळजी आहे. पण मधे लॉराची आठवण आहे, आणि दोघंही समंजस असल्यामुळे कुणीच तोंड उघडत नाही.

डेव्हिड स्वतःवर गॅमा किरणांचा प्रयोग करतो. यंत्रातल्या फरकामुळे मात्रा त्याला वाटते त्याच्या कितीतरी पट जास्त जाते. त्याच रात्री भर पावसात टायर बदलताना हात जखमी होतो, राग अनावर होतो आणि पहिल्यांदा हल्क बाहेर येतो. पुन्हा टायर! बायको ज्याने गेली त्याच गोष्टीने त्याचं नशीब फिरतं. हे कुणी संवादात सांगत नाही. मी तिसऱ्या वेळी पाहिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी पेन खाली ठेवलं.

आता शेवट. जॅक मॅगी नावाचा वार्ताहर बातमीच्या मागे प्रयोगशाळेत शिरून लपलेला असतो. त्याच्या धक्क्याने रसायनाची बाटली सांडते. डेव्हिड त्याला धरून बाहेर काढतो, तेवढ्यात आत स्फोट होतो. एलेना आत असते. डेव्हिड आगीत धावतो, तिथेच त्याचा हल्क होतो आणि तो तिला उचलून बाहेर आणतो. ती वाचणार नाही हे तिलाही कळलेलं असतं. त्या हिरव्या, धिप्पाड, मुक्या जीवाच्या कुशीत ती अखेर बोलते, की तिचं त्याच्यावर कायम प्रेम होतं. हल्क झालेल्या लू फेरिग्नोला त्या दृश्यात एकही शब्द नाही. तो नुसता तिच्याकडे पाहत राहतो. आपल्याला कळतं की तिला काहीतरी मोठं सांगायचंय एवढं याला जाणवतंय, पण काय ते समजत नाही.

आणि मग कबरीवर उभा डेव्हिड. हल्क असताना काय घडलं ते त्याला आठवत नाही, हा नियम आधीच घालून दिलेला आहे. तो तिला सांगतो की त्याचं तिच्यावर प्रेम होतं, आणि वाटतं तिचंही असावं, पण ती कधी बोलली नाही.

ती बोलली होती. हे फक्त प्रेक्षकाला माहीत आहे. प्रेक्षकाच्या ओठावर ते आलेलं असतं आणि पडद्यापलीकडे जाऊन सांगता येत नाही. मॅगीची समजूत झालेली असते की त्या राक्षसाने दोघांना मारलं, म्हणून जगाच्या लेखी डेव्हिडही मेलेला असतो. तो पाठीवर पिशवी टाकून चालू लागतो आणि जो हार्नेलचं ते एकाकी पियानोचं संगीत सुरू होतं. त्या धुनेचं नावच 'द लोनली मॅन'. पुढे प्रत्येक भाग याच धुनेवर संपायचा, म्हणजे प्रत्येक निरोपात कुठेतरी एलेनाची ती न पोचलेली कबुली वाजत राहायची. संगीताचा इतका शहाणा वापर मी टीव्हीवर फार कमी वेळा पाहिला आहे.

ही युक्ती जॉन्सनला एकदाच सुचली असंही नाही. त्याआधी 'द सिक्स मिलियन डॉलर मॅन'साठी त्यानेच जेमी सॉमर्स हे पात्र लिहिलं. जानेवारी १९७५ च्या त्या दोन भागांत मालिकेचा नायक स्टीव्ह ऑस्टिन याला त्याची लहानपणची मैत्रीण पुन्हा भेटते, दोघांचं लग्न ठरतं, पॅराशूटच्या अपघातात ती मरणाच्या दारात पोचते, स्टीव्हच्या आग्रहामुळे तिला बायॉनिक, म्हणजे यंत्राचे, अवयव बसवतात आणि शरीर ते स्वीकारत नाही. ती मरते. प्रेक्षकांनी पत्रांचा एवढा भडिमार केला की त्याच वर्षी तिला परत आणावं लागलं. लेखकासाठी ही मोठी पंचाईत असते, कारण मेलेलं माणूस परत आणलं की आधीचं रडणं खोटं ठरतं. जॉन्सनने काय करावं? जेमी परत आली, पण तिची स्मृती गेलेली. स्टीव्हवर आपलं प्रेम होतं हेच तिला आठवत नाही, आणि आठवायला गेलं की तिला असह्य वेदना होतात. म्हणजे ती समोर आहे, हसते आहे, बोलते आहे, आणि तिच्या भल्यासाठी याने गप्प बसायचं. मरणापेक्षा हे जास्त झोंबतं. १९७६ मध्ये जेमीची स्वतंत्र मालिका सुरू झाली. दोघांचं लग्न पडद्यावर लागायला १९९४ चा टीव्ही-चित्रपट उजाडला.

दोन्ही ठिकाणी प्रेमाची आठवण एकाच बाजूला उरते, हे तुमच्या लक्षात आलं असेल. स्टीव्हला आठवतं, जेमीला नाही. एलेना सांगून जाते, डेव्हिडला कळत नाही. विरह अंतरामुळे होतो तो एक, आणि माहितीमुळे होतो तो दुसरा. दुसरा जास्त खोल जातो, कारण अंतर कापता येतं.

आठवड्याच्या भागांचं गणित वेगळं होतं, तेही सांगतो, कारण तुमच्या मनात "सूत्र" हा शब्द असणार. नियमित मालिका मार्च १९७८ ला सुरू झाली. एका तासातून जाहिराती वजा करता हाती पन्नासेक मिनिटं. त्यात डेव्हिड नव्या गावात येणार, बी पासून सुरू होणारं नवं आडनाव लावणार, मिळेल ते काम धरणार, माणसं जोडणार, साधारण मध्यावर एकदा आणि शेवटाकडे एकदा हल्क होणार, मॅगी माग काढत पोचणार, डेव्हिड सटकणार. जॉन्सनने हा पाठलाग व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल'वरून घेतल्याचं स्वतःच सांगितलंय. फरारी व्हालजाँ आणि त्याच्या मागावरचा पोलीस जाव्हेर. हे सगळं बसवल्यावर प्रेमाला उरतात दहा-बारा मिनिटं. शिवाय भाग संपताना सगळं मूळ पदावर यायलाच हवं, कारण पुढच्या शुक्रवारी वेगळं गाव, वेगळा लेखक.

ही बंधनं होतीच. पण ती कथेच्या पोटातूनच आलेली वाटावीत अशी सोय पहिल्याच चित्रपटात केलेली होती. हा माणूस कागदोपत्री मेलेला आहे. खरं नाव सांगितलं तर हल्क खुनी म्हणून पकडला जाणार, नाव लपवलं तर संसार खोट्यावर उभा राहणार. आणि ज्याच्यावर जीव लावावा त्याच्याशीच कधीतरी भांडण होतं, राग येतो. घरात राग येऊच नये असा संसार कुणाला जमलाय? त्यामुळे तो निघतो तेव्हा "अरे, थांब की" असं आपल्या तोंडून निघत नाही. आपणच मनातल्या मनात त्याला निघ म्हणतो, आणि तसं म्हटल्याचं वाईटही वाटतं.

त्यातही बायकांना किती कळतं याची मात्रा लेखक बदलत राहिले. 'प्रोमिथियस' या दोन भागांच्या कथेत केटी आंधळी आहे. उल्केच्या किरणोत्सर्गामुळे डेव्हिड माणूस आणि हल्क यांच्या मधेच अडकतो. इतर सगळे जे पाहून पळतील ते तिला दिसतच नाही, तिच्या हाताला आणि कानाला मात्र तो ओळखू येतो. 'द सायकिक'मध्ये उलट: स्पर्श झाला की सगळं कळावं अशी शक्ती असलेली स्त्री, तिच्यापासून लपवायचं काय? ती भूमिका बिक्स्बीची पत्नी ब्रेंडा बेनेट हिने केली होती.

पण सगळ्यांत नीट पाहायचा तो 'मॅरीड'. सप्टेंबर १९७८, दुसऱ्या मोसमाची सुरुवात, दोन तासांचा भाग. लेखन आणि दिग्दर्शन दोन्ही जॉन्सनचं. डेव्हिड हवाईत डॉ. कॅरोलिन फील्ड्सकडे जातो. ती संमोहनाने उपचार करणारी मानसोपचारतज्ज्ञ आहे. तिच्या मदतीने हल्कला आतल्या आत कोंडता येईल अशी त्याला आशा आहे. तिथे त्याला कळतं की तिलाच नसा खाऊन टाकणारा आजार झालाय आणि दिवस थोडे उरलेत. आता बघा, पहिल्या चित्रपटात ज्यावर सगळं उभं होतं ते लेखकाने इथे पहिल्या काही मिनिटांतच काढून टाकलं. डेव्हिड तिला खरं नाव सांगतो. ती हल्क पाहते. तिचा मृत्यू त्याला माहीत, त्याचा शाप तिला माहीत. दोघंही एकमेकांचे डॉक्टर, दोघंही रुग्ण. लपवण्यासारखं काहीही उरलेलं नाही, आणि म्हणूनच ते लग्न करू शकतात. पूर्ण मालिकेत हीच एक जागा जिथे डेव्हिड संसार मांडतो.

संमोहनात डेव्हिड स्वतःच्या मनातल्या वाळवंटात हल्कसमोर उभा राहतो. त्याला जाळ्यात, पिंजऱ्यात अडकवायचा प्रयत्न करतो आणि दर वेळी हल्क ते मोडून बाहेर येतो. दोघं एकाच चौकटीत समोरासमोर येतात अशा जागा या मालिकेत मोजक्याच. मला ती दृश्यं तंत्राच्या दृष्टीने आज साधी वाटतात, पण अर्थाच्या दृष्टीने नाही: जे कॅरोलिनला शरीरात हरवता येत नाही तेच डेव्हिडला मनात हरवता येत नाही. दोघांची हार एकत्र चालते. शेवटी समुद्रावरून वादळ येतं, आणि ती जाते तेव्हा तिच्याजवळ डेव्हिड नसतो, हल्क असतो.

म्हणजे सगळं माहीत असूनही शेवटची घडी त्याच्या वाट्याला आली नाही. एलेनाच्या वेळी कबुली हुकली, इथे निरोप हुकला. मॅरिएट हार्टलीला कॅरोलिनच्या भूमिकेसाठी १९७९ चं एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचं मानाचं पारितोषिक मिळालं. एका भागातल्या पाहुण्या कलाकाराला मालिकेतल्या प्रमुख अभिनेत्रीचं पारितोषिक! ते पाहिल्यावर त्यात नवल वाटत नाही, कारण ती कुठेही बिचारी होत नाही. ती चिडते, हसते, हुकूम सोडते, लग्नाची गडबड करते. मरणाऱ्या बाईचं पात्र लिहिताना तिला जगण्याची घाई द्यावी हे मी कॅरोलिनकडून शिकलो.

इथे एक तक्रार मला मांडलीच पाहिजे. या मालिकेत बायका फार मरतात. लॉरा, एलेना, कॅरोलिन: डेव्हिडच्या दुःखाचं इंधन म्हणून तीन स्त्रियांचा जीव गेला. जॉन्सनसारख्या कसदार लेखकाच्या हातून हे झालं आणि ते त्या काळच्या टीव्हीच्या सवयीचं होतं असं म्हणून सोडून देता येत नाही. कॅरोलिनला स्वतःचं काम, स्वतःची लढाई होती म्हणून ती उरते. बाकी कितीतरी भागांतल्या बायका निरोपाला दारात उभं राहण्यासाठीच आल्यासारख्या वाटतात, आणि ते भाग मला आज आठवतही नाहीत. तुमची प्रेयसी नायक आला नसता तर त्या आठवड्यात काय करणार होती, हे तुम्ही सांगू शकता का? लिहून काढा. जमलं नाही तर शेवट उसना वाटणारच.

माझ्या हातून हीच चूक वेगळ्या रीतीने झाली आहे. एका दैनंदिन मालिकेत मी नायक-नायिकेची ताटातूट लिहिली. चिठ्ठी वेळेवर पोचत नाही, ती गैरसमज करून निघून जाते. स्टेशनवरचा प्रसंग मी मन लावून लिहिला होता. दोन्ही कलाकारांनी जीव ओतला. प्रेक्षक मात्र भडकले, आणि एका वयस्क बाईंच्या निरोपातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: "अहो, तिने एक फोन केला असता तर?" त्यांचं बरोबर होतं. एका फोनने मिटेल तो विरह नव्हे, तो खोळंबा. डेव्हिड आणि एलेना यांच्या मधे जे उभं आहे ते फोनने मिटत नाही, कारण जिला सांगायचं ती गेली आणि ज्याने ऐकलं त्याला शब्द कळत नव्हते.

मालिकेच्या शेवटाबद्दलही सांगायला हवं, कारण तिला शेवट मिळालाच नाही. पाचव्या मोसमाचे जेमतेम सात भाग झाले आणि ती बंद पडली; शेवटचा भाग मे १९८२ मध्ये दाखवला गेला, आणि तो एरवीसारखाच एक भाग होता. त्या आधीच्या पिढीतल्या 'द फ्युजिटिव्ह'मध्ये निदान १९६७ ला पळणाऱ्या डॉक्टरची सुटका दाखवली होती. डेव्हिड तसाच रस्त्यावर राहिला. १९८८ च्या टीव्ही-चित्रपटात तो भेटतो तेव्हा दोन वर्षं हल्क झालेला नाही, मार्गारेट शॉ नावाच्या शास्त्रज्ञाबरोबर राहतोय, घर आहे, नोकरी आहे. दोन तासांनी पुन्हा पिशवी, पुन्हा तीच धून. खरं सांगतो, त्या चित्रपटात बरंच काही फसलेलं आहे, पण तो निरोप मला चिरत जातो, कारण या वेळी तो तरुण नाही.

आणि मग १९९० चा 'द डेथ ऑफ द इन्क्रेडिबल हल्क', दिग्दर्शक स्वतः बिल बिक्स्बी. यास्मिन ही हेर आहे, बहिणीच्या जिवासाठी तिच्याकडून हे काम करून घेतलं जातंय. सुरुवातीला ती त्याच्या विरुद्ध बाजूने येते, नंतर दोघं प्रेमात पडतात, तिला तो काय आहे हे माहीत आहे आणि त्याला ती काय होती हे माहीत आहे. दोघं मिळून पळून जाणार असतात. पण ज्या शास्त्रज्ञ दांपत्याने त्याला मदत केली त्यांना पळवून नेल्याचं कळतं आणि तो मागे फिरतो. अखेर विमानाच्या स्फोटात हल्क आकाशातून कोसळतो, जमिनीवर आदळल्यावर हळूहळू डेव्हिड होतो आणि यास्मिनचं नाव घेऊन म्हणतो की मी मुक्त झालो.

तो चित्रपट फार थोर आहे असं मी म्हणणार नाही. पैसा कमी होता हे दिसतं. पण १९७७ चा शेवट शेजारी ठेवून पाहा. तेव्हा मरणारी बाई बोलत होती आणि ऐकणारा हल्क होता. आता मरणारा डेव्हिड आहे, माणसाच्या रूपात, शुद्धीवर, स्वतःच्या तोंडाने बोलतोय, आणि जिला सांगायचं ती जिवंत आहे, समोर आहे, ऐकते आहे. तेरा वर्षांत पहिल्यांदा शब्द जिथे पोचायचे तिथे पोचले. म्हणून त्या मृत्यूत दुःखाबरोबर गोडवाही आहे. पुढची कथा ठरत होती म्हणतात, पण १९९३ मध्ये बिक्स्बी गेला, आणि डेव्हिड बॅनर तिथेच थांबला.

आता तुमच्या संहितेकडे. तुम्ही पाठवलेल्या शेवटच्या चार पानांत नायक प्रेयसीला सगळं समजावून सांगतो: शत्रू कोण, धोका काय, मी का जातोय, माझं किती प्रेम आहे. तीही सगळं समजून घेते आणि रडते. दोघांनाही सगळं माहीत, प्रेक्षकालाही सगळं माहीत. मग प्रेक्षकाच्या मनात धरून ठेवायला काय उरलं? शिवाय दोघांना एवढं कळलंय तर ती त्याच्याबरोबर का जात नाही, हा प्रश्न पहिल्या वाचनातच उठतो, आणि "ओढूनताणून" हा शेरा तिथूनच आलाय.

यातलं एक वाक्य काढून घ्या. कोणतं ते तुम्ही ठरवा; मला वाटतं, सहाव्या भागात पुलावर त्यानेच तिच्या भावाला वाचवलं होतं, हे त्याने तिला सांगूच नये. तिला ते कधी कळू नये, आपल्याला मात्र माहीत असावं, आणि निघताना भावाने हातात दिलेला चहाचा कप त्याने पूर्ण पिऊन जावा. एवढं करून ती चार पानं दीड पानात बसतात का बघा, आणि बसली की मला परत पाठवा.